घरातील शोभेच्या झाडांसाठी कुंडीतील माती-मिश्रण : निवड आणि तयारी

(रोपवाटिकाधारक शेतकरी व महिलांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपणांपैकी बरेच जण फळझाडांची कलमे आणि भाजीपाल्याची रोपे करणारे आहेत. त्याच्या जोडीला आता घरात, कचेरीत, दवाखान्यात ठेवायच्या कुंड्यांना चांगली मागणी आहे. मनी प्लँट, रबर प्लँट, अरेका पाम, सिंगोनियम, डिफेनबॅकिया, सॅन्सेव्हेरिया अशी पाच-सहा प्रकारची झाडे ठेवली तरी लहान रोपवाटिका चालते. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालात तर सोरतापवाडी, उरुळी कांचनपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हा व्यवसाय दिसतो. झाडे टवटवीत असतात, कुंड्याही सुबक असतात. तरीही महिना-दोन महिन्यांनी गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते की झाड पिवळे पडले, पाने गळाली. मग आपले ठरलेले उत्तर असते, "पाणी जास्त झालं असेल."

हे उत्तर अर्धेच खरे आहे. त्याच घरात, तेवढेच पाणी घातलेले दुसरे झाड चांगले वाढते. फरक असतो तो कुंडीत आपण काय भरून दिले याचा. म्हणून आज झाडाविषयी कमी आणि कुंडीतल्या मातीविषयी जास्त बोलणार आहे.

आधी एक अनुभव सांगतो. एका होतकरू शेतकऱ्याने उन्हाळ्यात रबर प्लँट आणि डिफेनबॅकियाच्या तीनशे कुंड्या भरल्या. माती होती त्याच्या मळ्यातली, काळी, कसदार, वर्षानुवर्षे शेणखत दिलेली. कुंड्या एका कचेरीला भाड्याने दिल्या. जून-जुलैत झाडे बरी होती. सप्टेंबरपर्यंत निम्म्याहून जास्त कुंड्या परत आल्या आणि पुढचे भाडेही बंद झाले. त्याने मला बोलावले. कुंडी उपडी केली तर मातीचा आख्खा गोळा हातात आला. मुळे तपकिरी झाली होती, चिमटीत धरली की वरची साल निघून आतली दोरी तेवढी राहायची. आंबूस वास येत होता. तो म्हणाला, "साहेब, याच मातीत माझा गहू कमरेएवढा होतो. मग इथं काय बिघडलं?"

प्रश्न रास्त आहे. माती तीच, मग बिघडले काय?

शेतातील माती कुंडीत का चालत नाही

शेतात मातीचा थर हातभर, कधी पुरुषभर खोल असतो. वर पडलेले पाणी खालची माती ओढून घेते. भेगा असतात, गांडुळांची बिळे असतात, मागच्या पिकाच्या मुळांच्या वाटा असतात. पाणी खाली सरकले की त्याच्या जागी हवा शिरते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, कारण मुळेही श्वास घेतात.

कुंडीत मातीची उंची जेमतेम वीत-दीड वीत. तिच्या खाली पाणी ओढून घेणारी माती नाही. भोक आहे, पण नुसत्या भोकामुळे सगळे पाणी बाहेर येत नाही. हे सांगून पटत नाही, म्हणून मी भांडी घासण्याचा हा साधा स्पंज बरोबर आणला आहे. तो बादलीत बुडवून पूर्ण भिजवला आणि आडवा धरला. पाणी ठिबकले आणि थांबले. आता कुणालाही वाटेल की जायचे तेवढे पाणी गेले. तोच स्पंज न दाबता उभा केला. पाहा, पुन्हा धार लागली. स्पंज तोच, छिद्रे तीच, फक्त उंची वाढली. आता ठिबकणे थांबले तरी खालची दोन बोटे स्पंज चिंब आहे.

कुंडीत अगदी हेच होते. पाणी घालून निचरा थांबला तरी बुडाशी एक थर चिंब राहतो. तो थर किती जाडीचा असेल हे मातीच्या कणांवर ठरते. कण बारीक असतील तर थर जाड, भरड असतील तर पातळ. चिकण काळ्या मातीत हा थर सहा इंची कुंडीच्या बऱ्याच उंचीपर्यंत चढतो. उथळ कुंडीत तर मुळांना कोरडी जागाच उरत नाही. मे महिन्यात उन्हाने आणि वाऱ्याने हे पाणी उडून जाते म्हणून दोष लपतो. पावसाळ्यात, तेही घरात, अंधाऱ्या कोपऱ्यात ते उडत नाही. हवा संपते, मुळे गुदमरतात आणि मग मूळकुजीच्या बुरशीला आयते रान मिळते. तीनशे कुंड्यांचे नेमके हेच झाले होते.

इथेच आणखी एक गैरसमज काढून टाकू. कुंडीच्या तळाशी दोन-तीन इंच खडी किंवा विटांचे तुकडे भरले की निचरा वाढतो, असे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. मीही सांगितले आहे. ते बरोबर नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या भरड खडीत सहज उतरत नाही, ते खडीच्या वर अडून राहते. म्हणजे चिंब थर होता तेवढाच राहतो, फक्त खडीइतका वर सरकतो आणि मुळांना मिळणारी जागा तेवढी कमी होते. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून एखादी खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवावा, तेवढे पुरे. खडी घालायचीच असेल तर ती तळाशी न घालता मिश्रणात घालावी.

घटक कोणते निवडावेत

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी कडेने सरळ भोकातून निघून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. शिवाय तिचा सामू बहुधा साडेसातच्या वर असतो. घरातल्या बहुतेक पानशोभेच्या झाडांना साडेपाच ते साडेसहा सामू मानवतो. जास्त सामूमुळे लोह मिळत नाही आणि नवीन पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, असे दिसू लागते. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळली की काम झाले असे काही जण समजतात. थोड्या वाळूने ती विटेसारखी घट्ट होते. काळी माती शेतातच राहू द्यावी हे उत्तम.

लाल माती म्हणून जी विकली जाते ती नीट पारखून घ्यावी. कोकणातील जांभ्याची माती आम्लधर्मी आणि निचऱ्याची असते, पण तिच्यात कस कमी असतो. घाटावर लाल माती या नावाने मुरमाची भुकटीही खपवली जाते. चिमूटभर मातीची ओली गोळी करून उन्हात वाळवा. बोटाने दाबल्यावर सहज फुटली तर घ्या, खड्यासारखी टणक झाली तर सोडून द्या. नदीकाठचा पोयटा मिळाला तर सर्वांत चांगला. मात्र त्यात लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीची मुळे नाहीत हे चाळून पाहावे. एकदा लव्हाळा रोपवाटिकेत शिरला की तो तुमच्याबरोबर नांदतो.

मातीच नको का, असेही काही जण विचारतात. बिनमातीची मिश्रणे आज सर्रास वापरली जातात आणि ती चांगली आहेत. पण अरेका पामसारखे उंच झाड नुसत्या हलक्या मिश्रणात वाऱ्याने कलंडते, म्हणून त्यात थोडी माती बरी. इंग्लंडमध्ये जॉन इनेस संस्थेतील लॉरेन्स आणि नेवेल यांनी १९३०च्या दशकात कुंडीसाठी जे मिश्रण बसवले त्यात सात भाग पोयटा, तीन भाग पीट आणि दोन भाग भरड वाळू होती. तिथल्या भुसभुशीत पोयट्यातही बारापैकी पाच भाग त्यांना दुसरे घालावे लागले. आपल्या मातीत किती घालावे लागेल याचा अंदाज यावरून करा.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. तो वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो आणि तरी भुसभुशीत राहतो. त्याची विट किंवा ठोकळा मिळतो. पाच किलोचा ठोकळा फुगून साधारण सत्तर लिटर भुसा होतो. पण यातच बहुतेकांचे नुकसान होते. नारळाची सोडणे बऱ्याच ठिकाणी खाडीच्या पाण्यात कुजवतात, त्यामुळे भुशात सोडियमचे क्षार राहतात. स्वस्त ठोकळा न धुता वापरला की पानांच्या कडा करपतात आणि आपण पुन्हा पाण्यालाच दोष देतो. ठोकळा भरपूर पाण्यात फुगवून दोन-तीन वेळा गोड्या पाण्याने धुवावा. त्यानंतर शंभर ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट पाण्यात विरघळवून त्यात भुसा एक दिवस भिजत ठेवावा आणि पुन्हा एकदा धुवावा. भुशाला चिकटून बसलेले सोडियम आणि पोटॅश कॅल्शियममुळे सुटते. तुमच्या विहिरीचे पाणीच मचूळ असेल तर धुण्यासाठी साठवलेले पावसाचे पाणी वापरा.

खतांपैकी गांडूळखत सर्वांत सोयीचे. शेणखत वापरायचे तर पूर्ण कुजलेले, वास न येणारे, चाळलेले असावे. अर्धवट कुजलेल्या शेणखतात हुमणीच्या अळ्या येतात. शेतात एखादी अळी चार रोपे खाते, कुंडीत एकच अळी आख्खे झाड संपवते. एकूण मिश्रणाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त खत घालू नये. ते पुढे कुजून बसते आणि मिश्रण घट्ट होते. निंबोळी पेंड सहा इंची कुंडीला दहा-पंधरा ग्रॅम पुरते. दिवाणखान्यात ठेवायच्या कुंडीत मूठभर पेंड घातली तर तिचा वास गिऱ्हाइकाला आधी येतो.

हवेसाठी भरड पदार्थ हवाच. खडीक्रशरवरची कच चालते, पण धुऊन घ्यावी, कारण तिच्यातली भुकटीच छिद्रे बुजवते. हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे, लोणारी कोळशाचे तुकडे, परलाइट हेही चांगले. समुद्राची वाळू वापरू नये. भोर-मावळ, कोकण किंवा भंडारा-गोंदियाकडच्या भगिनींना भाताचे तूस फुकटात मिळते. ते हलके आहे आणि वर्षभर तरी हवा राखते. फक्त त्यात राहिलेले दाणे कुंडीत उगवतात, म्हणून ते आधी ओले करून आठवडाभर ढिगात ठेवावे.

प्रमाण किती असावे

मनी प्लँट, सिंगोनियम, डिफेनबॅकिया, रबर प्लँट यांसाठी दोन घमेली धुतलेले कोकोपीट, एक घमेले पोयटा, एक घमेले गांडूळखत आणि एक घमेले कच किंवा तूस असे मिश्रण करावे. अरेकासाठी पोयटा दोन घमेली करावा. सॅन्सेव्हेरिया, झेडझेड आणि कोरफड यांना निम्मे मिश्रण भरड पदार्थाचे हवे, कारण ही झाडे पाणी पानांत किंवा जमिनीखालच्या कंदासारख्या भागात साठवतात. अँथुरियमची गोष्ट वेगळी. त्याची मुळे निसर्गात बहुधा झाडांवर आणि पालापाचोळ्यात वाढतात, म्हणून त्याला नारळाच्या सोडणाचे तुकडे, विटांचे तुकडे व कोळसा द्यावा आणि गांडूळखत अगदी थोडे घालावे.

हिशेब करताना एक लक्षात ठेवावे. चार घमेली बारीक पदार्थ आणि एक घमेले कच मिसळली की पाच घमेली होत नाहीत, बारीक कण भरडाच्या पोकळीत बसतात. दोन लिटरच्या दहा हजार कुंड्यांना वीस हजार लिटर, म्हणजे सुमारे सात ब्रास तयार मिश्रण लागते. कच्चा माल त्याहून जास्त धरावा.

ही प्रमाणे मी सांगतो म्हणून आंधळेपणाने घेऊ नका. तुमचा पोयटा वेगळा, तुमची कच वेगळी. मिश्रण घरीच तपासता येते. ज्या मापाची कुंडी तुम्ही विकता तीच घ्या. भोक चिकणमातीने किंवा मेणाने बंद करा. काठाखाली एका खुणेपर्यंत पाणी ओतून किती मावते ते मोजा. समजा दोन लिटर मावले. पाणी ओतून टाका. आता त्याच खुणेपर्यंत ओलसर मिश्रण भरा, कुंडी दोन-तीनदा जमिनीवर आपटा, कमी झाल्यास पुन्हा भरा. हळूहळू पाणी घालत राहा. पृष्ठभागावर पाणी चमकू लागले की तासभर थांबा, खाली गेले तर पुन्हा घाला. मग कुंडी घमेल्यावर धरून भोक उघडा आणि तासाभरात जेवढे पाणी गळेल तेवढे मोजा. ते पाणी जिथून निघाले तिथे आता हवा आहे. तीनशे मिलिलिटर निघाले तर दोन लिटरला पंधरा टक्के हवा झाली. घरातल्या साधारण झाडांना दहा ते वीस टक्के हवा पाहिजे. दहाच्या खाली असेल तर कच किंवा तूस वाढवा. नुसती काळी माती भरून हा प्रयोग एकदा जरूर करा आणि किती पाणी निघते ते स्वतःच पाहा. त्या तीनशे कुंड्यांच्या मालकाला मी हेच करायला लावले होते. शंभर मिलिलिटरही निघाले नाही.

क्षारांची तपासणी त्याहून सोपी. तयार मिश्रण एका थाळीत घालून त्यात मेथीचे पंचवीस दाणे पेरा. घरचेच पंचवीस दाणे ओल्या फडक्यात ठेवा. फडक्यातले उगवले आणि थाळीतले उगवले नाहीत, किंवा उगवून टोके करपली, तर खत कच्चे आहे किंवा कोकोपीट नीट धुतलेले नाही. अशा मिश्रणात विकायचे झाड लावू नये.

निर्जंतुक कसे करावे

पोयट्यातून सूत्रकृमी आणि मूळकुजीची बुरशी येते. हा प्रश्न फक्त शोभेच्या झाडांपुरता नाही. ज्या ढिगातून मनी प्लँटची कुंडी भरता त्याच ढिगातून पेरूच्या आणि डाळिंबाच्या पिशव्याही भरता. मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी अशा पिशवीतूनच एखाद्याच्या नव्या बागेत जाते आणि मग ती बाग वर्षानुवर्षे भोगते. कुंडी मेली तर एक गिऱ्हाईक जाते. बाग बिघडली तर गावात तुमच्या रोपवाटिकेचे नाव जाते.

जुन्या पुस्तकांत यासाठी फॉर्मॅलिन ओतायला सांगितले आहे. फॉर्मॅल्डिहाइड माणसाला कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये ठरवले. घरातल्या बायामाणसांनी हाताने कालवायच्या मातीत ते नको.

आपल्याकडे ऊन फुकट आहे. इस्राएलमध्ये कटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये पारदर्शक प्लॅस्टिक पसरून माती तापवण्याची पद्धत मांडली. ती आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाला तंतोतंत लागू पडते. पोयटा व कच मिसळून खालच्या प्लॅस्टिकवर वीतभरापेक्षा कमी जाडीचा थर पसरा. जास्त जाडी केली तर तळापर्यंत ऊब पोचत नाही. माती ओलसर असावी, कोरड्या मातीत उष्णता नीट शिरत नाही आणि रोगजंतूही लवकर मरत नाहीत. वर शंभर गेजचा पारदर्शक कागद ताणून कडा मातीने बुजवा. काळा कागद वापरू नये, तो स्वतः तापतो पण ऊन आत जाऊ देत नाही. चार ते सहा आठवडे हात लावू नका.

आता क्रम. ट्रायकोडर्मा आणि गांडूळखत माती तापवून झाल्यावर आणि ती थंड झाल्यावरच मिसळावे. हौसेने आधी ट्रायकोडर्मा घालून वर प्लॅस्टिक टाकणारे मी पाहिले आहेत. पैसे देऊन आणलेली उपयुक्त बुरशी ते स्वतःच भाजून काढतात. एक किलो ट्रायकोडर्मा शंभर किलो कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून पंधरा दिवस सावलीत ठेवावा आणि मग ते खत वापरावे.

कुंडी भरताना

मिश्रण मुठीत दाबले तर गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारली की फुटावा, इतपत ओले असावे. बोटांमधून पाणी गळले तर ते जास्त ओले आहे, ते भरताना घट्ट बसेल. अंगठ्याने कोंबून भरण्याची सवय मजुरांना असते, ती मोडावी. कुंडी आपटून मिश्रण बसवावे आणि वर दोन बोटे जागा सोडावी.

बाहेरून ट्रकने येणारी बरीच रोपे चिकट मातीच्या गोळ्यात असतात. तो गोळा तसाच चांगल्या मिश्रणात ठेवला तर सगळी मेहनत वाया जाते, कारण पाणी गोळ्याबाहेरून निघून जाते किंवा गोळ्यातच अडकते. गोळा बादलीत भिजवून बाहेरची माती हलक्या हाताने सोडवावी, मुळे तोडू नयेत. जुन्या कुंडीपेक्षा एक-दोन इंचच मोठी कुंडी घ्यावी.

विकताना गिऱ्हाइकाला एवढेच सांगा की कोकोपीटचा वरचा थर कोरडा दिसतो तेव्हाही आत ओल असते. बोट दोन पेरे आत घालून पाहावे, किंवा कुंडी उचलून वजनावरून ओळखावे. भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत झाड थेट लावू नये. साधी कुंडी तिच्या आत ठेवावी आणि साचलेले पाणी ओतून द्यावे. गांडूळखताचा जोर दोन-तीन महिन्यांत ओसरतो. पुढे वाढीच्या दिवसांत पंधरा दिवसांनी लिटरला एक ग्रॅम १९:१९:१९ पाण्यातून द्यावे.

मघाशी एका ताईंची चिठ्ठी आली आहे. मेलेल्या झाडाची कुंडी पुन्हा वापरता येईल का, असे त्या विचारतात. ताई, झाड कशाने मेले ते आधी पाहा. मुळांवर गाठी असतील तर ती माती रोपवाटिकेत ठेवू नका आणि बागेच्या कडेलाही टाकू नका. गाठी नसतील तर जुनी मुळे चाळून काढा, मिश्रण उन्हात तापवा, त्यात पाचवा भाग नवे गांडूळखत आणि तेवढीच कच घाला, आणि भोक बंद करून पाणी मोजण्याची तपासणी पुन्हा करा. कोकोपीट वर्ष-दोन वर्षांत कुजून बारीक होते, त्यामुळे हवा कमी झालेली दिसेल. तशी दिसली तर ते मिश्रण कुंडीत न वापरता परसबागेतल्या अळूला घाला. त्याला ते चालते.